जांभळ्या ठिपक्यांची चिंधी

सोनीबाईच्या पायांकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते चिडून. माझ्या शिलाई मशीनसमोर नुकतीच पुसलेली फरशी होती आणि तिच्यावर या बाईची ओली पावलं उमटली होती. "सोनीबाई, पाय धुऊन यायला काय होतं गं तुला?" मी ओरडले. ती खाली बघत म्हणाली, "धुतले ना जी, नीलाबाई. हे धुतलेलेच आहेत."

मी वाकून बघितलं. खरंच धुतलेले होते. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून कुजल्या होत्या, नखं काळी झाली होती आणि घोट्यापर्यंतची कातडी फार वेळ भिजत घातलेल्या चण्याच्या सालासारखी सुटली होती. मला लाज वाटली. पण मी तोंडाची फटकळ, लाज वाटली की जास्तच ओरडते. "मग दवाखान्यात का जात नाहीस?" म्हणून मी तिला आणखी झापलं. तिने टोपलीतली पालकाची जुडी माझ्या हातात ठेवली आणि हसत निघून गेली.

चंद्रपुरात शहराभोवतीच्या जुन्या परकोटाची भिंत संपते, तिथून पुढे एक मोठा नाला आहे. मोऱ्यांचं, धुण्याचं, संडासांचं, आणि कुठून कुठून येणारं काळं पाणी त्यात येतं. त्या नाल्याच्या दोन्ही काठांना डोळे निवावेत असे हिरवेगार वाफे आहेत. पालक, मेथी, आंबटचुका, कांद्याची पात आणि सांभार. सांभार म्हणजे पुण्याकडच्या लोकांची कोथिंबीर. उन्हाळ्यात आमचं गाव तव्यासारखं तापतं, विहिरी तळाला जातात, पण नाला काही आटत नाही. म्हणून इथली भाजी बारा महिने. ती पिकवतात सगळ्या बाया. नवरे कोळशाच्या ट्रकवर नाहीतर बांधकामावर. डबे भरभरून नाल्यातून पाणी काढायचं, गुडघाभर त्यात उभं राहायचं, उकिडवं बसून तोडणी करायची आणि टोपली डोक्यावर घेऊन गल्लीगल्लीतून फिरायचं. त्या टोपलीतून गळणारं पाणी कपाळावरून तोंडात जातं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

सोनीबाई मूळची गडचिरोलीच्या जंगलातली, धानोऱ्याच्याही पलीकडच्या गावची. गोंडाची लेक. नवरा पत्रू कोळशाच्या कामाला म्हणून इकडे आला, ती त्याच्यामागे आली. पुढे पत्रूची छाती कोळशाने धरली. तो खाटेवर बसून खोकायला लागला आणि सोनीबाईने नाल्याकाठचा एक पट्टा धरला. तिच्या माहेरच्या बोलीत पाण्याला येर म्हणतात. हातपंपाच्या पाण्याला ती येर म्हणायची. नाल्यातल्या पाण्याला कधीच नाही. त्याला नुसतं 'ते'. "ते टाकलं का पालकाले?" असं विचारायची. घराच्या ओट्यावर रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये तिने थोडी भाजी लावली होती, तिला मात्र येर. पत्रूच्या ताटात त्या बादल्यांमधलीच भाजी पडायची.

मला हे कळलं तेव्हा मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "म्हणजे आम्ही नाल्याचं खायचं आणि तुम्ही बादलीतलं?"

"मग काय करू जी? बादलीत शहर नाई पुरत," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून बादलीतली एक लहानशी जुडी माझ्यासाठीही येऊ लागली. मी ती निमूटपणे घेतली. शेजारणीला सांगितलं नाही. माणसाचा स्वभाव.

आता चिंधीचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन अडकतं.

शहरातल्या लोकांना पानाला भोक चालत नाही. मलाही चालत नसे. "ही काय किडकी मेथी आणलीस?" असं नाक वर करून मी म्हणायचे. म्हणून नाल्यावर फवारा मारतात. तिथे त्याला औषधच म्हणतात. एकदा कुणाची तरी शेळी नुकत्याच फवारलेल्या वाफ्यात शिरली आणि पाय झाडून मेली. बाया एकमेकींच्या अंगावर धावून गेल्या. तेव्हा सोनीबाईने रीत घालून दिली. फवारलं की वाफ्याच्या कोपऱ्यात काडी रोवायची आणि तिला आपल्या जुन्या साडीची चिंधी बांधायची. जिने बांधली तिनेच सोडायची. चिंधी आहे तोवर त्या वाफ्यात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, पण कुठली चिंधी कुणाची हे प्रत्येकीला ठाऊक होतं. सोनीबाईची चिंधी मोतिया रंगाची, जांभळ्या ठिपक्यांची. त्या साडीवरचा ब्लाउज मी शिवला होता आणि बाही तोकडी झाली म्हणून तिने मला वर्षभर ऐकवलं होतं.

या रीतीचा तिला फार अभिमान होता. "आमच्या नाल्यावर कोणाचं लेकरू, ढोर असं मरत नाई," म्हणायची. पण तिच्या स्वतःच्या फवारणी पंपाचं झाकण गळत असे. औषध पाठीवरून कमरेपर्यंत झिरपायचं. फवारणीच्या दिवशी तिचं डोकं दुखायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची, जेवण जायचं नाही. ती गळकं झाकण चिंधीने पुसायची, हातही त्याच चिंधीने पुसायची आणि मग तीच काडीला बांधायची. दुसरं फडकं कोण शोधत बसणार?

चंदा तिच्याकडे मजुरीला आली ती लग्न होऊन नुकतीच चंद्रपुरात आल्यावर. मूल गावाकडची पोर, धानाच्या बांधीत राबलेली, कामाला चपळ. नवरा धनराज ऑटो चालवायचा. चंदाची आई लहानपणीच गेली होती. पहिल्या आठवड्यातच तिने सोनीबाईला माय म्हणायला सुरुवात केली, आणि मायला म्हणतात तसं अगंतुगं. सोनीबाईला मूल नव्हतं. तिला हे किती गोड लागलं ते ती बोलून दाखवायची नाही, पण चंदासाठी डब्यात वेगळी भाजी यायला लागली, आणि ती कुठल्या बादलीतली हे मी ओळखलं. चंदाला दिवस गेले ते तिने सासूच्याही आधी सोनीबाईला सांगितलं. त्याच दिवशी सोनीबाईने तिचं पाण्याचं काम काढून घेतलं. "डबे मी उचलीन. तू बस अन् तोडणी कर. बसून काम आहे, पोटुशीले बरं." तिने भलं केलं होतं. पुढे मला हे सांगताना 'बसून काम आहे' हेच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

हिवाळ्यातली सकाळ होती. आदल्या संध्याकाळी सोनीबाईने कांद्याच्या पातीवर फवारा मारून चिंधी बांधली होती. शेजारच्या वाफ्यात चंदा सांभार कापत होती. विळा निसटला आणि तिचं बोट चिरलं. रक्त थांबेना. सोनीबाई नाल्यातून धावत वर आली. तिने पदर पुढे केला आणि थबकली. पदर त्या पाण्याने निथळत होता. पोटुशी पोर, उघडी जखम, तिला ही घाण कशी लावायची? तिने इकडेतिकडे पाहिलं. हाताशी काडी होती. काडीवर चिंधी होती. कोरडी, वाऱ्यावर फडफडणारी. तिने ती ओढून काढली आणि चंदाच्या बोटाला करकचून बांधली.

रक्त थांबलं. दोघी हसल्या. चंदा म्हणाली, "माय, तुझ्या हाताले गुण आहे."

घाण पाणी डोळ्याला दिसतं, नाकाला कळतं. वाळलेलं औषध दिसत नाही. ज्या बाईने नाल्यावर चिंधीची रीत घातली, तिला त्या घटकेला ती चिंधी निव्वळ कोरडं फडकं दिसली. आता आल्यावर दुसरी बांधीन, वाफा माझाच आहे, माझ्या ध्यानात आहे, असं मनाशी म्हणत ती टोपली उचलून बाजाराला गेली.

इकडे सांभार संपला. दुसरी टोपली भरायची होती. चंदाने बघितलं, पातीच्या वाफ्यावरची काडी मोकळी. चिंधी सोडायची ती बांधणारीनेच, आणि मायने तर स्वतःच्या हाताने सोडली होती. म्हणजे वाफा मोकळा झाला. तिने पात उपटायला घेतली. भूक लागली तेव्हा भाताच्या डब्यासोबत पातीच्या चार काड्या कच्च्याच खाल्ल्या. पोटुशी बाई, तिला कांद्याच्या पातीची इच्छा झाली.

सोनीबाई परत आली तेव्हा चंदा वाफ्याच्या कडेला पडलेली होती. तोंडातून लाळ गळत होती, डोळे वाहत होते, थंडीतही अंग घामाने भिजलं होतं आणि दंड आपोआप उडत होते. सोनीबाईने टोपलीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग बोटावरच्या चिंधीकडे. तिला सगळं एकदम कळलं.

धनराजने ऑटो आणला. दवाखान्यात नर्सने सोनीबाईला विचारलं, "तुम्ही कोण हिच्या?" चंदाला धड बोलता येत नव्हतं, तरी तीच म्हणाली, "माय आहे." डॉक्टर आले. काय खाल्लं, कशाला हात लावला, कुठे फवारलेलं होतं का, हे त्यांनी नीट विचारलं. धनराजला काय ठाऊक? त्याने सोनीबाईकडे पाहिलं. डॉक्टरांनीही तिच्याकडे पाहिलं.

आणि सोनीबाई म्हणाली, "आज नाई फवारलं जी. शिळा भात खाल्ला असंल."

आज फवारलं नव्हतं हे खरंच होतं. तिने पुढे मला सांगितलं तेव्हा मी तिला विचारलं, "अगं पण का? काऊन असं केलंस?" त्या दिवसांत नाल्यावरची भाजी बंद करणार अशी बोलवा होती. आपण तोंड उघडलं तर सगळ्या बायांच्या चुली विझतील, असं तिने मनाला सांगितलं होतं. मग ती म्हणाली, "ते मनाले सांगाले होतं, नीलाबाई. खरं म्हणजे धनराज माह्याकडे पाहून राह्यला होता. मले भेव वाटलं. बस."

डॉक्टर फार वेळ तिच्या बोलण्यावर विसंबून राहिले नाहीत. आधी शिळ्या भाताचं धरून पोटाची तपासणी केली, मग चंदाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बघून ते काय समजायचं ते समजले. नर्सेसनी तिचं अंग साबणाने धुतलं, कपडे काढून पिशवीत बांधले, सुयांवर सुया दिल्या. चंदा वाचली. ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टर धनराजला व्हरांड्यात म्हणाले, "कुणी आल्याआल्या सांगितलं असतं, तर सुरुवातीचा वेळ वाया गेला नसता. बाई धोक्यातून सुटली. पोटातल्या बाळाचं मी आत्ता काही सांगू शकत नाही." सोनीबाई भिंतीला टेकून तिथेच बसली होती. तिने ते ऐकलं.

यातलं मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच, की सोनीबाई बिघडली. माझ्या भाषेत बिघडली. आधी टिंगलीला टिंगलीने उत्तर देणारी बाई, आता खाली मान घालून भाजी ठेवायची आणि जायची. पालकाच्या पानांना चाळणीसारखी भोकं. "हे काय गं? किड्यांनी जेवून उरलेलं आणलंस का?" मी म्हणाले. तिने फवारा मारणं सोडून दिलं होतं. गिऱ्हाइकं पानं उलटीपालटी करून टोपलीत परत टाकत. टोपली भरलेली घरी जायची. मी स्वतः दोनदा जुडी परत केली आणि शेजारच्या गल्लीतल्या बाईकडून गुळगुळीत पालक घेतला. हेही सांगायला हवं.

चंदाला तिने कामावर येऊ दिलं नाही. रोज सकाळी बादल्यांमधली सगळी भाजी, पत्रूच्या ताटातलीही, चंदाच्या घरी जायची. दूध जायचं. चंदाचे पाय दाबून द्यायला सोनीबाई जायची. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, पोटच्या लेकीचं कोणी एवढं करणार नाही. हे कानावर आलं की सोनीबाई तिथून उठून जायची. मला वाटायचं, नम्रपणा. मला असल्या नम्रपणाचा रागच येतो. एकदा मी म्हणाले, "अगं, लोक चांगलं बोलतात तर घे की मुकाट्याने!" तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी सुईत दोरा ओवायला लागले.

उन्हाळा सरता सरता चंदाला मुलगी झाली. लहानखुरी, वजनाला कमी, पण डोळे टपोरे. दूध ओढायला वेळ लावायची. आणि एक होतं. तिच्या डाव्या हाताची मूठ वळत नसे. तान्ह्या पोरांच्या तळहातावर बोट ठेवलं की ती घट्ट धरतात ना, तशी ती डाव्या हाताने धरत नसे. म्हाताऱ्या म्हणाल्या, धरेल हळूहळू. डॉक्टर म्हणाले, दाखवत राहा.

आमच्याकडे बाळाचं पहिलं झबलं नव्या कापडाचं करत नाहीत. घरातल्या, नात्यातल्या, हाताला यश असलेल्या बायकांच्या जुन्या साड्यांचं करतात. कापड मऊ असतं आणि त्या बायकांचं आयुष्य पोराला लागतं म्हणतात. लांबलेल्या बारशाच्या आधी चंदा पोरीला घेऊन माझ्याकडे आली. पिशवीत जुनी कापडं होती. नेमकी सोनीबाईही तेव्हा आली होती, चंदासाठी आणलेली भाजी मांडीवर घेऊन. पोर सोनीबाईच्या हातात गेली. मी पिशवी उलटी केली. आजेसासूचं लुगडं, सासूच्या साडीचा काठ, आणि तळाला, घडी घालून ठेवलेलं, एक लहानसं मोतिया फडकं. जांभळे ठिपके.

"अगं बाई, ही तर माझ्या तोकड्या बाहीची साडी!" मी म्हणाले.

चंदा हसली. "हाव जी. दवाखान्यातून कपडे आले, त्याच्यात हे होतं. सासूनं धुतलं, मी जपून ठेवलं. मायनं ह्यानं माहं रक्त थांबवलं. हे छातीवर लावा, नीलाबाई. पोरीच्या अंगाले लागलं पाहिजे."

मी फडकं मशीनवर सपाट केलं आणि कात्री उचलली.

"नको," सोनीबाई म्हणाली.

"नको काय नको? चांगलं दिसेल."

"नको लावू म्हटलं ना मी!" ती इतक्या जोरात ओरडली की पोर दचकून रडायला लागली. सोनीबाईने पोरीला चंदाच्या ओटीत दिलं, मशीनवरचं फडकं ओढून घेतलं आणि मुठीत दाबलं. "विष आहे याच्यात."

"धुतलं आहे ना, माय," चंदा म्हणाली. तिला वाटलं, नाल्याच्या घाणीबद्दल बोलते आहे.

"धुतलं असंल. तेव्हा नोहोतं धुतलं." आणि मग सोनीबाईने सगळं सांगितलं. कुठेही न थांबता, खाली फरशीकडे बघत. चिंधी कुठून काढली, पंप कसा गळत होता, काडी कशी उघडी राहिली, पात कोणत्या वाफ्यातली होती. तिच्या पायाची बोटं फरशीवर आखडत होती.

चंदा ऐकत होती. पोरीला थोपटणं तिने थांबवलं नाही. सोनीबाईचं बोलणं संपलं तेव्हा ती म्हणाली, "घाईत झालं ना ते. रक्त पाहून माणूस घाबरतेच."

माझ्या जिवात जीव आला. मी म्हणणार होते, बघ सोनीबाई, उगाच एवढी कुढत होतीस. तेवढ्यात चंदाने विचारलं, "दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, तवा तुले माहीत होतं?"

सोनीबाईने चिंधीवरची मूठ आणखी आवळली.

"माय, मी विचारून राह्यली. तवा तुले माहीत होतं?"

"हाव," सोनीबाई म्हणाली. "माहीत होतं."

चंदाचा थोपटणारा हात थांबला. पोरीचा डावा हात दुपट्याबाहेर आला होता, तो तिने आत घेतला. ती बोलली तेव्हा तिचा आवाज मोठा नव्हता. "मागच्या खेपेले लेकरांच्या डॉक्टरनं मले विचारलं. पोटात असताना नेमकं काय झालं होतं, कोणतं औषध होतं. मी म्हटलं, कोणालेच माहीत नाई जी, माह्या मायलेबी नाई. माहीत असतं तर तिनं सांगितलं असतं." मग ती उठली. "उद्या पोरीले पुन्हा न्यायचं आहे. सोनीबाई, तुम्ही या. त्या औषधाची बाटली असंल तर घेऊन या."

माय नाही, सोनीबाई. तू नाही, तुम्ही. ती गेली. कापडांची पिशवी माझ्याकडेच राहिली, भाजी सोनीबाईच्या मांडीवर. मी कापडं पुन्हा पिशवीत भरायला लागले. तेवढ्यात सोनीबाई बोलली. रडत नव्हती. "नीलाबाई, तुम्ही चालान का माह्यासंगं? नाई तर माही जीभ पुन्हा पलटन."

मी गेले. दुकान बंद ठेवून गेले. सोनीबाईने रिकामी बाटली आणली होती, आणि ती त्याच चिंधीत गुंडाळलेली होती. रांगेत चंदा आणि धनराज आमच्यापासून लांबच्या बाकावर बसले. धनराजने एकदाही मान वर करून पाहिलं नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं, सोनीबाईलाही वाटलं असणार.

नंबर आला. मुलांच्या डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होत्या. सोनीबाईने टेबलावर चिंधी उलगडली, बाटली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. यावेळी तिने फवारणीच्या संध्याकाळपासून सांगितलं. फवारा किती घट्ट कालवला होता, चिंधी किती वेळ बोटावर होती, आणि त्या दिवशी डॉक्टरांना काय खोटं सांगितलं, तेही. तिने एकही गोष्ट गाळली नाही. डॉक्टरबाईंनी बाटलीवरचं नाव वाचलं, लिहून घेतलं, पोरीचा हात पुन्हा पुन्हा वळवून बघितला. "याचाच परिणाम आहे असं ठाम सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "नाही असंही सांगता येत नाही. पण हे कळलं ते फार बरं झालं. आता कुठे बघायचं ते मला ठाऊक आहे." हाताचे व्यायाम कसे द्यायचे ते त्यांनी चंदाला दाखवलं. मग त्यांची नजर सोनीबाईच्या पायांवर गेली. तुम्हालाही दाखवायला हवं, त्या म्हणाल्या, हे पाय असे ठेवू नका. सोनीबाईने पाय साडीखाली ओढून घेतले.

कागद पुरा करताना डॉक्टरबाईंनी सोनीबाईला सहज विचारलं, "तुम्ही हिच्या आई का?"

सोनीबाईने चंदाकडे पाहिलं. मीही पाहिलं. चंदा पोरीच्या डाव्या तळहातावर आपलं बोट ठेवून बसली होती, मूठ वळते का बघत होती. तिने मान वर केली नाही.

"नाई जी," चंदा म्हणाली. "मी ह्यांच्या वाफ्यावर कामाले होती."

"हाव जी," सोनीबाई म्हणाली. "माह्याकडे कामाले होती."